वंगणाची साक्ष



'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पण यातला नळा म्हणजे काय, असं वर्गात विचारलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. एकदा एक विद्यार्थी धीर करून उठला आणि म्हणाला, "सर, पाण्याचा नळ!" वर्ग हसला, पण त्या मुलाचा तरी काय दोष? ज्या गाड्याखाली नळा टांगलेला असे, तो लाकडी गाडाच आता रस्त्यावर क्वचित दिसतो. नळा म्हणजे वंगणाची नळी. बांबूच्या पेराची असे, आत तेलकट काळं वंगण आणि एक चिंधी. गाडा पंढरपूरला निघाला की त्याच्याबरोबर नळ्यालाही आपोआप वारी घडायची. मोठ्याच्या आधाराने लहानाचं साधतं, असा म्हणीचा अर्थ आम्ही मराठीचे शिक्षक वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत.

आज मात्र मला या म्हणीशी थोडं भांडायचं आहे. गाड्यामुळे नळ्याला यात्रा घडते हे खरं. पण नळा नसेल तर गाड्याला तरी यात्रा कुठली? कोरडं चाक आधी कुरकुरेल, मग तापेल आणि शेवटी आसाला धरून बसेल. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका चुकीतून शिकलो, आणि ती चूक माझीच होती. तीच आज आपल्याला सांगायची आहे.

ऑगस्ट २०१९ मधला कृष्णेचा महापूर आपल्यापैकी कोणीही विसरला नसेल. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. पलूस, मिरज, वाळवा या भागांतली नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात होती. आमच्या घरची माणसं आणि जनावरं वेळेवर बाहेर निघाली. पण ऊस ओढायच्या दोन ट्रॉल्या मळ्यातच राहिल्या. आठवडाभर त्या पाण्याखाली होत्या. पूर ओसरल्यावर आम्ही गाळ काढला, ट्रॉल्या धुतल्या, टायरांत हवा भरली, फळ्यांना रंग दिला. रंग दिल्यावर सारं कसं नव्यासारखं दिसू लागलं. चाकांच्या पोटात काय झालं आहे, हे मात्र कोणी उघडून पाहिलं नाही.

हंगाम सुरू झाला. माझा पुतण्या ट्रॅक्टरवर असतो. एके दिवशी तो म्हणाला, "नाना, मागच्या ट्रॉलीचं डावं चाक गरम लागतंय. टोपण काढून बघितलं, तर आतलं ग्रीस पार ताकावाणी झालंय."

मी वर्गातल्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. मान वर न करताच म्हणालो, "अरे, मग त्यात काय! ते पुसून घे, वरनं नवं ग्रीस भर आणि टोपण बसव."

पोरानं ऐकलं. शिकलेल्या काकाचा शब्द तो! पुढे तीन आठवडे ट्रॉली धावली. एका संध्याकाळी, भरल्या उसानिशी, कालव्याच्या उतारावर ते डावं चाक हबासकट निसटलं. ट्रॉली आसावर बसली आणि ऊस रस्त्यावर पसरला. ते चाक रस्ता ओलांडून गडगडत गेलं आणि बांधावरच्या बाभळीला धडकून पडलं. दोनच मिनिटांपूर्वी ऊसतोड कामगारांची तीन-चार पोरं त्याच बांधावरून पाणी घेऊन गेली होती. श्रोतेहो, ती दोन मिनिटं नसती, तर आज हे भाषण करायला माझी जीभ उचलली नसती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. वयस्कर गृहस्थ, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी हबात बोट घालून ग्रीस काढलं, चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं, कागदावर पुसलं. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही ग्रीस बदललं न्हाई. झाकलंत."

त्या एका वाक्यात सारं आलं. ताकासारखं झालेलं ग्रीस ही साक्ष होती. पाणी आत शिरलं आहे, असं ते बिचारं सांगत होतं. मी त्या साक्षीदाराचं ऐकूनच घेतलं नाही. त्याला पुसून टाकलं आणि त्याच्या जागी नवा, गुळगुळीत, काही न बोलणारा साक्षीदार आणून बसवला.

आता हे ग्रीस म्हणजे आहे तरी काय? पुष्कळांना वाटतं, ते जाड तेल आहे. वस्तुतः ते साबणात धरून ठेवलेलं तेल आहे. आंघोळीचा साबण नव्हे. चुना, सोडा, लिथियम अशा द्रव्यांपासून केलेला एक प्रकारचा साबण. स्पंज जसा पाणी धरून ठेवतो, तसा तो साबण तेल धरतो आणि बेअरिंग फिरू लागलं की हळूहळू सोडतो. खरं काम करतं ते तेल. साबण हा त्याचा कोठारी. शिक्षकमित्रांना हे वर्गात सहज दाखवता येईल. चिमूटभर ग्रीस टीपकागदावर ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी भोवती तेलाचं वर्तुळ पसरलेलं दिसेल. मुलांना विचारा, हे तेल आलं कुठून?

आणि बेअरिंग कशासाठी, हेही दाखवता येतं. टेबलावर जड ताट ठेवून ढकला. मग त्याच्याखाली सारख्या आकाराच्या दहा-बारा गोट्या घालून ढकला. घासण्यापेक्षा घरंगळणं किती सोपं, हे व्याख्या न सांगता कळेल. ट्रॉलीच्या चाकात गोट्यांऐवजी निमुळते रूळ असतात. ही निमुळत्या रुळांची युक्ती अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन यांनी आपल्या सहकाऱ्यासह काढली आणि १८९८ साली तिचं पेटंट मिळालं. टिमकेन यांचा मूळ धंदा घोडागाड्या बांधण्याचा! वळणावर चाकाला बाजूने जो रेटा बसतो, तो साध्या बेअरिंगला सोसत नाही, ही त्यांची अडचण होती. म्हणजे हे बेअरिंगही अखेर गाडीवानाच्याच दुःखातून जन्माला आलं.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. चाकाचं दुखणं ओळखायचं कसं? चाचांकडून मी जे शिकलो आणि नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिलं, ते सांगतो.

चाक उघडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आवाज. बेअरिंग बिघडू लागलं की घरघर किंवा गुणगुण असा आवाज येतो आणि वेगाबरोबर तो वाढतो. मोटारीत हा आवाज वळणावर बदलतो. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला, तर संशय डाव्या बाजूवर घ्यावा. ट्रॉलीच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. आपले ट्रॅक्टरवाले बंधू रात्री जागं राहण्यासाठी मोठ्या आवाजात गाणी लावतात. त्यात मागचं चाक कितीही ओरडलं तरी ऐकू कसं यावं? माझी एवढीच विनंती, की खेपेला एकदा, निर्जन रस्त्यावर पाच मिनिटं गाणं बंद करून मागचं ऐका.

दुसरी गोष्ट, उष्णता. खेप करून थांबलात की चारी चाकांच्या हबांजवळ हात न्या. आधी दुरून, मग हलकेच बोटं टेकवून. सगळी चाकं सारखीच कोमट असतील तर चिंता नाही. एकच चाक इतरांपेक्षा अधिक तापलं असेल, तर ते काहीतरी सांगत आहे. पण घाई करू नका. ज्या चाकाला ब्रेक आहे ते ब्रेक धरून राहिल्यानेही तापतं. ब्रेक धरत नाही ना, हे आधी पाहावं, मग बेअरिंगवर दोष ठेवावा.

तिसरी गोष्ट, ढिलेपणा. गाडी रिकामी करून, सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावून चाक जॅकवर उचला आणि खाली भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जाऊ नये. मग चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून मागंपुढं हलवा. खटखट लागली तर नट ढिला आहे किंवा बेअरिंग झिजलं आहे. मग चाक हाताने फिरवा. ते मऊ फिरतंय की आत खडखड लागतेय, हे तळहाताला समजतं.

चौथी गोष्ट, डाग. चाकाच्या आतल्या अंगाला, रिमवर, ग्रीसचे ओघळ दिसले तर समजावं की ऑइल सील गेलं. ज्या वाटेनं ग्रीस बाहेर येतं, त्याच वाटेनं धूळ आणि पाणी आत जातं. सील ही दाराची चौकट आहे. चोर आणि घरधनी दोघंही तिच्यातूनच ये-जा करतात.

आता चाक उघडा. आणि इथेच माझी मुख्य विनंती आहे: पुसण्याआधी पाहा. चिंधी बाजूला ठेवा. थोडं ग्रीस बोटावर घ्या, चिमटीत चोळा, पांढऱ्या कागदावर पसरा.

ते लोण्यासारखं मऊ, एकजीव असेल आणि रंग थोडासाच काळवंडला असेल, तर प्रकृती ठीक आहे. ते ताकासारखं पांढरट, फेसाळ झालं असेल, तर पाणी शिरलं आहे. अशा वेळी नवं ग्रीस वर घालून उपयोग नाही, कारण आत गंज धरू लागलेला असतो. रूळ आणि त्यांची कडी धुऊन, उजेडात पाहून, गंजाचे खड्डे असतील तर बेअरिंग बदलावंच लागतं. आमच्या ट्रॉलीत हेच झालं होतं. खड्ड्यांवरून रूळ आदळत राहिले, त्यांना धरून ठेवणारा पिंजरा तुटला, रूळ विखुरले, चाक डुलू लागलं आणि शेवटी निसटलं.

ग्रीस काळं, डांबरासारखं घट्ट आणि करपल्या वासाचं झालं असेल, तर ते जळलं आहे. मग प्रश्न असा, की ते जळलं का? नट फार आवळला होता का? ब्रेक धरत होता का? हब तोंडापर्यंत ठासून भरला होता का? की भलतंच ग्रीस वापरलं होतं? रुळांवर निळसर झाक दिसली, तर लोखंडाचा कसच गेला म्हणून समजा. ते बेअरिंग मोडीत टाका.

ग्रीस पातळ होऊन तेलासारखं वाहत असेल, तर बहुधा दोन न जुळणारी ग्रीसं एकत्र आली आहेत किंवा हलकं ग्रीस उष्णतेनं वितळलं आहे. ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या मागच्या, इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या चाकात एक तिसरंही कारण असू शकतं. आतल्या गिअरचं तेल सील ओलांडून हबात येतं. त्याचा उग्र वास वेगळा ओळखू येतो.

ग्रीस उन्हात चांदीसारखं चमकत असेल, तर तो लोखंडाचा चुरा आहे. कागदाखालून चुंबक फिरवा. कण हलले तर बेअरिंग झिजत आहे, यात शंका नको. आणि ग्रीस चिमटीत रेतीसारखं करकरत असेल, तर धूळ शिरली आहे. बहुतेक वेळा टोपण हरवलेलं असतं आणि त्याच्या जागी कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते.

पाहा, किती गोष्टी सांगतं हे ग्रीस! आणि प्रत्येक वेळी उपाय निराळा आहे. नवं ग्रीस घालणं हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय कारण शोधण्याचा.

नवं ग्रीस घालतानाही थोडी समज हवी. दुकानात लाल, निळं, पिवळं ग्रीस मिळतं. रंगावर जाऊ नका; रंग कारखानदार आपल्या हौसेने घालतो. चुन्याच्या साबणाचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पण ऊन सोसत नाही; शंभर अंशांच्या आसपास ते वितळतं. सोड्याच्या साबणाचं ग्रीस उष्णता सोसतं, पण पाण्याशी त्याचं जमत नाही. लिथियमच्या साबणाचं ग्रीस दोन्ही बऱ्यापैकी सोसतं. ते सुमारे १८० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून चाकांसाठी ते सर्रास वापरतात. डब्यावर व्हील बेअरिंगसाठी असं लिहिलेलं आहे ना, हे वाचून घ्या. जुनं कोणतं होतं हे ठाऊक नसेल, तर ते रॉकेल किंवा डिझेलनं पूर्ण धुऊन, बेअरिंग कोरडं करून मगच नवं भरा. बेअरिंग वाळवताना हवेच्या नळीनं भिरभिर फिरवण्याचा मोह आवरा. कोरडं बेअरिंग खराब होतं आणि एखादा रूळ उडून डोळ्याला लागू शकतो.

भरण्याची रीत अशी: तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं रुळांच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. रुळांमध्ये ग्रीस पुरेपूर हवं. पण हबाच्या पोकळीत तोंडापर्यंत ठासू नये. जेवणासारखंच आहे हे. गच्च भरलेल्या हबात ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून बाहेर येतं. नट आवळताना चाक फिरवत राहावं, म्हणजे रूळ नीट बसतात. मग नट मागं घेऊन, त्या गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेवढाच सैल किंवा घट्ट ठेवावा. आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी. काही रुपयांची ती पिन असते. पण भरल्या ट्रॉलीचं चाक तिच्या शब्दावर उभं असतं.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आजच्या बऱ्याच मोटारींची आणि मोटारसायकलींची बेअरिंगं कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेली असतात. ती उघडायची नसतात. आवाज करू लागली की बदलायची असतात. मी सांगितलेली रीत ट्रॉली, टायरगाडी, जुनी जीप, ट्रक अशा उघडता येणाऱ्या चाकांसाठी आहे. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीसाठी येणारी कुटुंबं टायरगाड्यांतून साखर कारखान्यांपर्यंत ऊस वाहतात. त्या गाडीची चाकंही अशीच बेअरिंगवर फिरतात. चाक जड झालं की त्याचा भार बैलांच्या मानेवर येतो, आणि बैल काही बोलून दाखवत नाही. ज्यांच्या शेतावर या गाड्या हंगामभर उभ्या राहतात, त्यांनी ग्रीसचा एक डबा आणि एक जॅक त्यांच्यासाठी मोकळा ठेवला, तर ते दान फुकट जायचं नाही.

पलूस तालुक्यात आपली किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना काढला आणि शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला. याच लक्ष्मणरावांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावात सायकलीच्या दुकानापासून, म्हणजे चाकापासूनच झाली होती. आपल्या भागात यंत्र येऊन शंभर वर्षं उलटून गेली. पण यंत्राची प्रकृती ओळखण्याची विद्या अजून मिस्त्रींच्या बोटांतच राहिली आहे. ती शाळेच्या फळ्यावर यायला हवी. शिक्षकमित्रहो, 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण शिकवाल त्या दिवशी वर्ग बाहेर न्या. गावात उभी असलेली एखादी ट्रॉली दाखवा आणि मिस्त्रींना दहा मिनिटं बोलायला बोलवा. म्हणीचा अर्थ मुलांच्या लक्षात राहील आणि चाकाचाही.

आम्ही त्या वर्षी चारही चाकं उघडली. तीन चाकांत तेच पांढरं ग्रीस निघालं. म्हणजे तीन साक्षीदार अजून बोलायचे राहिले होते! तेव्हापासून आमच्या घरी एक रिवाज पडला आहे. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी चाकं उघडायची. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं, पण त्याआधी पुतण्या प्रत्येक चाकातलं ग्रीस एका कागदावर ओळीनं पुसून माझ्यासमोर आणून ठेवतो आणि विचारतो, "नाना, बघून घ्या. मग पुसतो."

मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवतो, चष्मा लावतो आणि नीट पाहतो. 'त्यात काय!' हे दोन शब्द आता माझ्या तोंडून निघत नाहीत.

आपणही या पावसाळ्यानंतर एकदा पाहावं, इतकंच सांगून आपली रजा घेतो.